ग्रिंडाव्हिकचा शिलारस आला कुठून?

१० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आइसलँडच्या नैर्ऋत्य टोकावरचे ग्रिंडाव्हिक हे मासेमारीचे गाव रिकामे करण्यात आले. सुमारे ३,८०० माणसांनी काही तासांत घरे सोडली. गावाखालून शिलारस सरकत होता आणि वर रस्ते उकलत होते. १८ डिसेंबरला गावाच्या उत्तरेला जमीन फाटून लाव्हा उसळला. १४ जानेवारी २०२४ रोजी तो गावाच्या वेशीत शिरला आणि त्याने तीन घरे गिळली. पुढच्याच महिन्यात लाव्हाने गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली. त्यामुळे ऐन थंडीत रेक्यानेस द्वीपकल्पावरच्या २० हजारांहून अधिक लोकांची घरे गारठली. डिसेंबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात सुंधनुकुर या विवररांगेवर नऊ उद्रेक झाले. शेजारच्या फाग्राडाल्सफ्याट्ल डोंगरावर २०२१ ते २०२३ दरम्यान झालेले तीन धरले, तर बारा. त्याआधी या द्वीपकल्पावर तब्बल ७८१ वर्षे लाव्हाचा एक थेंब सांडला नव्हता.

आइसलँडच्या संसदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून गावातली घरे सरकारी पैशाने विकत घेण्याची सोय केली. बहुतेक कुटुंबांनी ती स्वीकारली. म्हणजे सरकारी तिजोरी, माती-दगडाचे बांध, वीज केंद्र, बंदर आणि माणसांची आयुष्ये हे सगळे आता एका प्रश्नाला टांगले आहे. हे आणखी किती वर्षे चालणार? त्याचे उत्तर देण्याआधी भूशास्त्रज्ञांना दुसरे उत्तर हवे असते. हा शिलारस येतो कुठून? वरच्या कवचातल्या एखाद्या जुन्या साठ्यातून येत असेल, तर साठा कधीतरी संपेल. खोल प्रावरणातून सतत वर येत असेल, तर गोष्ट लांबणार. या तपासातला एक भरवशाचा साक्षीदार म्हणजे खडकातला ऑक्सिजन.

ऑक्सिजन म्हटले की हवा आणि रुग्णालयातली नळकांडी आठवतात. पण पृथ्वीवरचा बहुतेक ऑक्सिजन दगडात कोंडलेला आहे. काळ्या बेसाल्टचे वजन केले तर त्यात जवळपास निम्मा वाटा ऑक्सिजनचा निघतो. हे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. दहा हजार अणूंमागे सुमारे ९,९७६ अणूंचे वजन १६ एकक असते आणि सुमारे वीस अणू १८ एककांचे. उरलेले मूठभर १७ एककांचे. रासायनिक स्वभाव तोच, वजन मात्र वेगळे. यांनाच समस्थानिक म्हणतात. जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण जागोजागी किंचित बदलते. ते मोजताना समुद्राचे पाणी शून्य धरतात आणि फरक दर हजारी सांगतात. एखाद्या खडकाचा आकडा साडेपाच आला, तर समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचे हजार अणू असतील तिथे या खडकात एक हजार साडेपाच आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

एवढ्याशा फरकाने काय साधते? बरेच काही, कारण हा फरक पाण्यामुळे पडतो. समुद्राची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात. ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे ढग ध्रुवाकडे सरकत जातात तसा त्यांतला पाऊस अधिकाधिक हलका होत जातो. आइसलँडच्या पावसाचा आणि बर्फाचा आकडा उणे ८ ते उणे १३ च्या आसपास असतो. हे पाणी जमिनीत झिरपते, तापते आणि गरम खडकाशी शेकडो अंश तापमानाला ऑक्सिजनची अदलाबदल करते. खडक हलका होतो, पाणी जड होते. उलट समुद्रतळावर थंड पाण्यात साचलेला चिखल किंवा चुनखडी जड होते. त्यांचे आकडे १५, २०, २५ पर्यंत चढतात. खंडाच्या पोटातला ग्रॅनाइट साधारण ८ ते १२ च्या घरात असतो. आणि ज्याला पाण्याचा फारसा संसर्गच झालेला नाही, त्या खोल प्रावरणातून वितळून आलेल्या बेसाल्टचा आकडा जगभर साडेपाचच्या आसपास येतो. शिलारस थंड होऊन त्यातून स्फटिक बाहेर पडतात तेव्हा हा आकडा फारसा हलत नाही, कारण इतक्या उच्च तापमानाला जड आणि हलके अणू जवळपास सारखेच वागतात. म्हणून साडेपाचपेक्षा बराच वेगळा आकडा दिसला की कवचातल्या कुठल्या तरी खडकाची भेसळ झाली, असा पहिला संशय घेतला जातो.

भेसळ शोधण्याची इतर साधनेही आहेत. स्ट्रॉन्शियम, निओडायमियम, शिसे यांचे समस्थानिक त्यासाठी वापरतात. मात्र ही मूलद्रव्ये खडकात दहा लाखांत काही शे, किंवा त्याहूनही कमी असतात. चिमूटभर हिंगाने वरणाचा वास बदलतो. पण वरण पातळ व्हायला तांब्याभर पाणीच ओतावे लागते. स्ट्रॉन्शियम हे हिंग आहे, ऑक्सिजन हे वरण. स्ट्रॉन्शियमचा आकडा थोड्याशा भेसळीनेही ढळतो, त्यामुळे भेसळ झाली हे कळते, पण किती झाली यावर वाद राहतो. ऑक्सिजनचा आकडा ढळला, तर शिलारसाने कवचाचा मोठा लचका तोडला असे समजावे. हिशेब सरळ आहे. साडेपाचच्या शिलारसात शून्य आकड्याचा बदललेला खडक २० टक्के मिसळला, तर मिश्रण ४.४ वर येते.

मोजमाप मात्र सरळ नाही. ताज्या खडकातून ऑलिव्हिनसारखे स्वच्छ स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली वेचतात. एक-दोन मिलिग्रॅम पुरेसे होतात. ब्रोमीन पेंटाफ्लोराइड या अत्यंत दाहक वायूच्या सान्निध्यात त्यांच्यावर लेझर मारला की दगडाला घट्ट चिकटलेला ऑक्सिजन सुटतो. मग वस्तुमानमापक यंत्र जड आणि हलक्या अणूंची मोजदाद करते.

आइसलँडला ही पद्धत नवी नाही, आणि तिने तिथे आधी गोंधळच घातला होता. कार्लिस म्यूलेनबाख्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, आइसलँडचे बरेच बेसाल्ट अपेक्षेपेक्षा हलके आहेत. तेव्हापासून दोन तट पडले. एकाचे म्हणणे, आइसलँडखालून वर येणारा प्रावरणाचा उष्ण स्तंभच मुळात हलका आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी खाली बुडालेला, पाण्याने बदललेला समुद्रतळ त्यात मिसळला असावा. दुसऱ्याचे म्हणणे, खालून येतो तो शिलारस साधाच असतो. वर येताना तो पावसाच्या पाण्याने उकडून निघालेले कवच खातो आणि हलका होतो. वरकरणी हा वाद अभ्यासकांच्या खोलीतला वाटेल. तसा तो नाही. पहिल्या तटाचे बरोबर असेल तर आकडा खोलवरच्या उगमाची खबर देतो; दुसऱ्याचे बरोबर असेल तर वाटेतल्या मुक्कामाची. एकाच आकड्याचे दोन अर्थ असतील, तर त्यावरून शिलारसाच्या साठ्याबद्दल काहीच ठामपणे बोलता येत नाही.

मध्य आइसलँडमध्ये होलुह्राउन इथे ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५ असा सहा महिने उद्रेक चालला आणि सुमारे ८५ चौरस किलोमीटर जमीन लाव्हाखाली गेली. त्या लाव्हाचा आकडाही हलकाच निघाला. पण तिथला शिलारस बार्दारबुंगा या मोठ्या ज्वालामुखीखालून कित्येक किलोमीटर आडवा वाहत आला होता. वाटेत त्याला कवचाशी घसट करायला भरपूर वाव होता. त्यामुळे निकाल लागेना.

१९ मार्च २०२१ रोजी फाग्राडाल्सफ्याट्लला जमीन फाटली तेव्हा म्हणूनच अनेक प्रयोगशाळा तयारीत होत्या. इथे मोठा मध्यवर्ती ज्वालामुखी नव्हता आणि शिलारस बराच सरळ वर आलेला दिसत होता. इल्या बिंडेमन, फ्रान्सिस डीगन, व्हॅलेंटिन ट्रोल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ४७ मोजमापांचा निष्कर्ष मांडला. सरासरी ५.४, आणि त्यातला चढउतार जेमतेम ०.३. म्हणजे साध्या प्रावरणाचाच आकडा. लक्षवेधी गोष्ट पुढे आहे. याच लाव्हातल्या झिर्कोनियम, निओबियम, यिट्रियम या अल्पांश मूलद्रव्यांची गुणोत्तरे मात्र सतत बदलत होती. आइसलँडच्या बेसाल्टमध्ये आजवर जेवढी विविधता नोंदली गेली, तिच्या जवळपास निम्मी या एका उद्रेकात दिसली. सायमुंदुर हाल्डोरसन यांच्या गटाने त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये दाखवले की, पहिल्या काही आठवड्यांतच प्रावरणाच्या वरच्या थरातून आलेला शिलारस मागे पडून अधिक खोलवरून आलेला वर येऊ लागला होता. हे सगळे कवच आणि प्रावरण यांच्या सीमेजवळ, सुमारे १५ किलोमीटर खोलीवर घडत होते.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र उलगडते. वेगवेगळ्या खोलीवरचे, वेगवेगळ्या चवीचे शिलारस आळीपाळीने वर आले, पण त्यांतला एकही पाण्याने बदललेल्या कवचात फार काळ रेंगाळला नाही. प्रावरणाचा हा भाग तरी मुळात हलका नाही. पन्नास वर्षांच्या वादात दुसऱ्या तटाचे पारडे त्यामुळे निदान रेक्यानेसपुरते जड झाले. पूर्ण निकाल लागला असे मात्र म्हणता येणार नाही. शून्य आकड्याचे कवच पाच टक्के मिसळले, तर सरासरी ५.४ वरून ५.१ वर येईल, आणि तेवढा फरक एखाद्या नमुन्याच्या चढउतारात सहज लपतो. ‘भेसळ नाही’ याचा प्रामाणिक अर्थ ‘मोठी भेसळ नाही’ एवढाच.

ग्रिंडाव्हिककरांसाठी खरा पेच इथून पुढे सुरू होतो, कारण त्यांच्या गावावर आलेला लाव्हा फाग्राडाल्सफ्याट्लचा नाही, सुंधनुकुरचा आहे. दोन्ही ठिकाणे काही किलोमीटरच्या अंतरावर असली तरी वागणे निराळे. २०२१ चा उद्रेक सहा महिने संथपणे चालला, आणि लोक डबा बांधून तो पाहायला जात होते. सुंधनुकुरचे उद्रेक मोठ्या भेगेने सुरू होतात, पहिल्या काही तासांत प्रचंड लाव्हा ओकतात आणि बरेचसे काही दिवसांत किंवा आठवड्यांत विझतात. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात स्वार्त्सेंगी वीज केंद्राखाली चार-पाच किलोमीटरवर शिलारस साचतो आणि जमीन फुगते. आधीच्या वेळी गेला होता साधारण तेवढा परत भरला की पुन्हा भेग पडते. उपग्रह आणि जीपीएस यांच्या मोजणीवरून हे चक्र इतके स्पष्ट दिसले की, आइसलँडचे हवामान खाते त्याच्या आधारे इशारे देऊ लागले.

सुंधनुकुरच्या पहिल्या उद्रेकांच्या रसायनशास्त्रावरून ‘सायन्स’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाने असे मांडले की, हा शिलारस फाग्राडाल्सफ्याट्लसारखा थेट आलेला नाही, कवचाच्या मधल्या भागात तो साचला आणि तिथे त्याचे घटक बदलले. ट्रोल आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी वेगळी शक्यता पुढे केली. दोन्ही ठिकाणच्या लाव्हांतले साम्य आणि भूकंपलहरींची चित्रे पाहता ९ ते १२ किलोमीटर खोलीवर एकच सामाईक साठा असावा आणि तोच दोन्हीकडे रसद पुरवत असावा, असे त्यांचे म्हणणे. हे दोन निष्कर्ष वाटतात तितके एकमेकांविरुद्ध नाहीत. मधल्या खोलीवर मुक्काम आहे हे दोघांनाही मान्य आहे. तो एक आहे की अनेक, आणि त्याची व्याप्ती किती, यावर मतभेद आहे. गावाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. एकच सामाईक साठा असेल, तर आज सुंधनुकुर थकले तरी उद्या शेजारची दुसरी रांग जागी होऊ शकते.

इथे एक काळजी घ्यायला हवी, आणि बातम्यांमध्ये ती नेहमी घेतली जात नाही. फाग्राडाल्सफ्याट्लचा ५.४ हा आकडा उचलून ‘शिलारस थेट प्रावरणातून येतोय, म्हणजे उद्रेक शतकभर चालणार’ असे म्हणणे सोपे असते. समस्थानिक उगम सांगतात, तारीख सांगत नाहीत. पुढची भेग कधी पडेल हे ठरते ते वरच्या उथळ साठ्यावर, आणि त्यासाठी जमिनीच्या फुगवट्याची मोजणी लागते. हा सिलसिला किती वर्षे चालेल हे खालच्या पुरवठ्यावर अवलंबून आहे. त्याबद्दल ऑक्सिजन एवढेच सुचवतो की, २०२१ मध्ये वर आलेला माल जुन्या कवचाची वितळलेली शिल्लक नव्हती, खालून आलेली ताजी आवक होती. बाकी भाकीत इतिहासावर उभे आहे. गेल्या चार हजार वर्षांत या द्वीपकल्पावर काही शतके धगधग आणि मग ८०० ते १००० वर्षे शांतता, असे फेरे झाले आहेत. मागचा फेरा १२४० मध्ये संपला. नवा सुरू झाला असेल, तर चार-पाच वर्षे ही त्याची नुसती सुरुवात ठरते. घरे विकत घेण्याचा निर्णय त्या हिशेबात घाईचा वाटत नाही.

वाटेतला मुक्काम किती महत्त्वाचा असतो, हे इंडोनेशियात अधिक ठसठशीत दिसते. जावा बेटावरचा मेरापी चुनखडीच्या थरांवर बसला आहे. शिलारस चुनखडी खातो तेव्हा त्याचा ऑक्सिजन जड होतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. सोडावॉटरच्या बाटलीसारखा दाब वाढतो. २०१० च्या उद्रेकात मेरापीने साडेतीनशेहून अधिक बळी घेतले. सुंदा बेटमालेतल्या चार ज्वालामुखींचे स्फटिक तपासणाऱ्या २०२१ च्या अभ्यासात मेरापीकडून बालीच्या आगुंगकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना, आकडे उतरत गेलेले दिसले. त्याच दिशेने खालचे कवच पातळ होत जाते. उगम तोच, पण भेसळ निरनिराळी, हा त्याचा अर्थ.

हा प्रश्न महाराष्ट्राच्याही पायाखाली आहे, फरक एवढाच की इथला लाव्हा थंड होऊन साधारण ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. सह्याद्रीचे थर एकावर एक वाचता येतात, आणि भूशास्त्रात त्यांना इथल्याच गावांची नि घाटांची नावे आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यांतल्या बुशे थरात खंडाच्या कवचाची भेसळ सर्वांत जास्त, तर आंबेनळीत सर्वांत कमी. स्ट्रॉन्शियम आणि निओडायमियमवरून हे १९८० च्या दशकातच स्पष्ट झाले होते. भेसळ करणारा खडकही आता हाती लागला आहे. कोयना परिसरातल्या वैज्ञानिक छिद्रणात सुमारे एक किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट आणि नाइस लागला. खालच्या थरांत जास्त भेसळ आणि वरच्या मोठ्या थरांत कमी, म्हणजे शिलारसाच्या वाटा पुढे पुढे साफ होत गेल्या, अशी एक मांडणी आहे. डायनासोरांच्या अंताशी दख्खनच्या वायूंचा किती संबंध होता, या वादालाही ती जाऊन भिडते. शिलारस कवचात किती काळ थांबला आणि त्याने काय खाल्ले, यावर बाहेर पडलेल्या वायूचे प्रमाणही अवलंबून असते.

मग दख्खनची भेसळ ऑक्सिजनने तोलून का पाहू नये? अडचण दगडातच आहे. लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांतून कोट्यवधी वर्षे गरम पाणी खेळले, आणि त्या पाण्याने अख्ख्या खडकाचा मूळ आकडा बदलून टाकला. असा खडक दळून मोजला तर उगम कळत नाही, नंतरच्या पाण्याचा हिशेब लागतो. म्हणून पाण्याने न शिवलेले स्फटिकच वेचावे लागतात. दख्खनमध्ये ताजे ऑलिव्हिन मिळणे कठीण, कारण सर्वांत आधी कुजते ते तेच. पायरॉक्सिन आणि फेल्डस्पार अधिक टिकतात. त्या गरम पाण्याची निशाणी मात्र घरोघरी पोहोचली आहे. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतून निघणारे हिरवट अपोफिलाइट आणि गुलाबी-पांढरे स्टिल्बाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असतात, आणि अजिंठा-वेरूळच्या वाटेवर फेरीवाले विकतात ते चमचमते दगडही त्याच पाण्यातून घडलेले आहेत.